दमणे आणि दुखणे



ज्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, ते गुरुजी या शाळेत कवायत शिकवीत. त्यांच्या नावाच्या व्यासपीठावरून मराठीच्या प्राध्यापिकेने काय बोलावे, असा प्रश्न निमंत्रण आले तेव्हा मला पडला. परंतु गेली २६ वर्षे मी लांब पल्ल्याचे चालते आणि धावते, आणि आज ७४ व्या वर्षीही आठवड्यातून चार दिवस पहाटे कमाटीबागेत हजेरी लावते, ही वार्ता संयोजकांच्या कानी गेली असावी. म्हणून उतारवयातील दीर्घ पल्ल्याचा व्यायाम आणि त्यात होणाऱ्या दुखापती हा विषय मी निवडला आहे.

बडोद्याला तो परका नाही. राजरत्न प्रा. माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाममंदिरात व्यायामाबरोबर हाडवैद्यकही चाले. दत्तात्रय चिंतामण मजुमदार यांनी व्यायाम ज्ञानकोशाचे १० खंड १९३६ ते १९४९ या काळात याच शहरातून आणि मराठीतून काढले. व्यायाम करणाऱ्याला कधीतरी इजा होणार, आणि ती पाहणारा माणूस व्यायाम जाणणारा हवा, ही समज त्या व्यवस्थेत होती. पुढे ही दोन खाती वेगळी झाली. आज साठी उलटलेल्या माणसाने टाच दुखते म्हटले की बहुधा एकच उत्तर मिळते, 'या वयात हे हवे कशाला?'

मला ते ६८ व्या वर्षी मिळाले. उजव्या टाचेमागची कंडरा, जिला वैद्यकात अकिलीस टेंडन म्हणतात, ती सुजली होती. तपासणाऱ्या डॉक्टरांनी 'आता देवदर्शनापुरते चाला' असा सल्ला दिला. सल्ल्यात आपुलकी होती, पण तो अपुरा होता. माझ्या बरोबर फिरणाऱ्या दोघीजणींनी असाच सल्ला शिरोधार्य मानला होता. त्यांपैकी एकीला आज स्वतःच्या घराचा जिना उतरताना दुसऱ्याचा हात लागतो. बक्षिसाची ढाल या वयात कोणाला हवी असते? जमिनीवरून आधाराविना उठता यावे, एवढ्यासाठी हा सारा खटाटोप आहे.

शरीराचा हिशेब असा आहे. प्राणवायू वापरण्याची आपली कमाल क्षमता तिशीनंतर दर दशकाला साधारण १० टक्क्यांनी उतरते. व्यायाम चालू ठेवणाऱ्यांत हा उतार सौम्य असतो. खंड पडून पुन्हा आरंभ केला तर दम काही आठवड्यांत सुधारतो, स्नायूही साथ देतात. कंडरेला मात्र रक्तपुरवठा मुळात कमी, आणि तिची घडण बदलावयास महिने लागतात. उतारवयातील पुष्कळशा दुखापती या दोन गतींमधील अंतरातून होतात. दम म्हणतो 'चल', आणि टाचेमागची दोरी अजून तयार नसते.

मग विश्रांती घ्यावी काय? १९७८ साली गेब मर्किन या अमेरिकन डॉक्टरांनी विश्रांती, बर्फ, दाब आणि दुखरा अवयव उंच ठेवणे ही चतुःसूत्री मांडली, आणि ती जगभर पाठ झाली. त्याच मर्किन यांनी २०१४ साली लिहिले की बर्फ आणि संपूर्ण विश्रांती यांमुळे इजा भरून येणे लांबू शकते. (स्वतःचे गाजलेले सूत्र स्वतःच दुरुस्त करणारा विद्वान आमच्या साहित्यक्षेत्रात मला क्वचितच भेटला.) कंडरेच्या बाबतीत तर विश्रांतीने वेदना निवते, पण ताण सोसण्याची शक्ती वाढत नाही, आणि पुन्हा चालू लागताच दुखणे हजर होते. स्वीडनच्या हाकान आल्फ्रेडसन यांनी १९९८ साली अशा १५ हौशी धावपटूंना टाच सावकाश खाली सोडण्याचा भारयुक्त व्यायाम १२ आठवडे करावयास लावला, आणि ते सर्व पुन्हा धावू लागले. एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला तोच व्यायाम शिकविला. पुढच्या वर्षी मी पुन्हा १० किलोमीटर धावले. वेळ पूर्वीपेक्षा बराच जास्त लागला, आणि तो लागणारच.

आता खरा प्रश्न. कोणते दुखणे सोबत घेऊन चालावे आणि कोणत्या दुखण्यापुढे थांबावे? डॉक्टर विचारतात, 'एक ते दहांत किती?' मला त्या आकड्याने काही सांगता येईना. मी शब्दांत सांगू लागले तेव्हा त्या फिजिओथेरपिस्ट बाई लिहून घेऊ लागल्या. आपल्या भाषेने हे निदानाचे काम बरेचसे करून ठेवलेले आहे. लांब चालल्यावर पाय भरून येतात. दुसऱ्या दिवशी मांड्या अवघडतात. हे श्रमाचे शब्द, इजेचे नव्हेत, आणि हलक्या फेरीने ते दुखणे ओसरते. कंडरा सकाळी आखडते, थोडे हिंडल्यावर सैल होते, आणि परतताना सलू लागते. येथे भार कमी करावा, बंद करू नये. पोटरीत एकाएकी चमक निघाली तर त्याच पावलाला थांबावे आणि उरलेले अंतर खुशाल रिक्षाने जावे. ठणका मात्र गंभीर. हाडावर एका बोटाने दाखविता येईल अशी जागा ठणकत असेल, रात्री पडल्या पडल्याही ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर गेल्याची शंका घ्यावी. पाळी गेल्यानंतर स्त्रियांची हाडे वेगाने विरळ होतात, म्हणून आम्हां बायकांनी हा शब्द कधीही हलका मानू नये. आणि छातीवर दडपण येऊन कळ हाताकडे वा जबड्याकडे जाऊ लागली तर ती दुखापत नव्हे. तेथून थेट इस्पितळ गाठावे.

दुर्दैव असे की माझ्या पिढीतील स्त्रियांना दुखणे बोलून न दाखविण्याचे वळण लावले गेले. शब्दांची एवढी संपत्ती घरात असताना आम्ही 'जरा दुखतंय' एवढ्यावर भागवतो, आणि समोरचा डॉक्टर तरी त्यातून काय ओळखणार?

कॅनडाच्या एड व्हिटलॉक यांनी २००४ साली, ७३ व्या वर्षी, टोरंटोची मॅरेथॉन २ तास ५४ मिनिटे ४८ सेकंदांत पुरी केली. २०१६ साली, ८५ व्या वर्षी, त्याच शहरात ४ तासांच्या आत. सराव घराजवळच्या दफनभूमीत, संथ गतीने, तासन्‌तास. मला त्यांची थांबण्याची तयारी या आकड्यांहून मोलाची वाटते. गुडघा बिघडला की ते दीर्घकाळ धावणे सोडीत, आणि परतताना थोड्या मिनिटांपासून आरंभ करीत. आपल्या वारीच्या रचनेतही हीच अक्कल आहे. आळंदी ते पंढरपूर सुमारे २५० किलोमीटर, आणि सत्तरीतील माणसे ते चालतात. भक्तीचे बळ आहेच. परंतु विसावे ठरलेले, मुक्काम ठरलेले, पुण्यात तर दोन रात्रींचा मुक्काम. 'आज अंगात जोर आहे, पुढच्या मुक्कामी जातो' असे म्हणून पालखी पुढे दामटता येत नाही.

गुडघे झिजतील ही भीती बहुतेकांच्या मनात असते. स्टॅनफर्ड विद्यापीठाने १९८४ पासून पन्नाशी ओलांडलेल्या धावपटूंचा आणि न धावणाऱ्यांचा सुमारे दोन दशके मागोवा घेतला. १९ वर्षांनंतर धावणाऱ्यांपैकी १५ टक्के, तर इतरांपैकी ३४ टक्के लोक निवर्तले होते, आणि क्ष-किरण चित्रांत धावणाऱ्यांच्या गुडघ्यांची झीज अधिक आढळली नाही. मुळात निरोगी माणसेच धावावयास जातात, हा आक्षेप घेता येईल आणि तो रास्तही आहे. तरीही भीतीपोटी खुर्ची धरून बसण्याचे समर्थन या आकड्यांतून निघत नाही.

टाचेचा तो व्यायाम ज्यांना पाहावयाचा असेल त्यांनी सभागृहाबाहेरच्या पायऱ्यांपाशी थांबावे. पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभे राहून दुखरी टाच सावकाश खाली सोडावयाची आणि वर येताना चांगल्या पायाचा आधार घ्यावयाचा. गुडघा ताठ ठेवून १५ वेळा असे तीन फेर, गुडघा किंचित वाकवून तेवढेच, दिवसातून दोनदा. ज्यांचे दुखणे अगदी टाचेच्या हाडापाशी आहे त्यांनी टाच पायरीखाली न नेता सपाट जमिनीवरच करावा. कठडा घट्ट धरावा लागेल, आणि तेथे एका वेळी चौघांनाच जागा आहे, तेव्हा घाई नको.