अग्नीचे घर

एखादा समाज परक्या मुलखात खऱ्या अर्थाने वसला, असे केव्हा म्हणावयाचे? राहावयास घर झाले म्हणजे, की पोटाला धंदा मिळाला म्हणजे? पारशी समाजाने याचे उत्तर फार पूर्वी देऊन ठेवले आहे. अग्नीला घर मिळाले, तेव्हा आपण वसलो, असे तो समाज मानतो.

‘किस्से-इ-संजाण’ हे फारशी काव्य नवसारीच्या बहमन कैकोबाद या धर्मगुरूने सोळाव्या शतकाच्या अखेरीस रचले. त्यात सांगितले आहे की, इराणहून निघालेल्या या मंडळींची जहाजे समुद्रात वादळात सापडली. तेव्हा त्यांनी नवस केला की, सुखरूप किनाऱ्याला लागलो तर अग्नीची थोर प्रतिष्ठा करू. पुढे संजाणच्या जादी राण्याने आश्रय दिला आणि नवस फेडला गेला. दुधात साखर विरघळल्याची जी सुंदर गोष्ट आपण शाळेत ऐकतो, ती या काव्यात नाही. नवस मात्र आहे. आश्रयाआधी अग्निमंदिराचा संकल्प झाला होता, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

या अग्नीचे नाव इराणशाह. संजाणवर स्वारी आली तेव्हा मोबेदांनी तो उचलून बाहरोटच्या डोंगरात नेला. हा डोंगर आज आपल्या पालघर जिल्ह्यात आहे. तेथील लेण्यांत अग्नी बारा वर्षे राहिला, असे परंपरा सांगते. पुढे वांसदा, नवसारी, सुरत असा प्रवास करीत १७४२ साली तो उदवाड्यास आला, आणि आजही तेथेच तेवत आहे. माणसांनी घरे सोडली, शेते सोडली. पण अग्नी विझू दिला नाही.

असा अग्नी सिद्ध करणे सोपे नव्हे. सर्वोच्च दर्जाच्या अग्नीस आतश बेहराम म्हणतात. त्यासाठी सोळा ठिकाणचे अग्नी एकत्र करावे लागतात. कुंभाराच्या भट्टीतला, लोहाराच्या भात्यापुढचा, सोनाराचा, रंगाऱ्याचा, भटारखान्यातला, टांकसाळीतला, राजाच्या घरचा, धनगराचा, जळत्या चितेचा, आणि आकाशातून पडलेल्या विजेचासुद्धा. प्रत्येक अग्नी शुद्ध करावा लागतो. छिद्रे असलेल्या पळीत सुखडीचा म्हणजे चंदनाचा भुगा घेऊन ती पळी ज्वाळेवर अंतर ठेवून धरावयाची. ज्वाळेचा स्पर्श न होता नुसत्या धगीने भुगा पेटला पाहिजे. त्या नव्या अग्नीवरून पुन्हा तसाच दुसरा पेटवावयाचा. चितेच्या अग्नीवर हा संस्कार एक्याण्णव वेळा होतो. त्यानंतर दिवसाच्या पाचही प्रहरी मोबेद तोंडावर पदान म्हणजे पांढरी पट्टी बांधून अग्नीस सुखड अर्पण करतात, मंत्र म्हणतात आणि घंटा वाजवितात. त्यात एका दिवसाचाही खंड नाही.

या यादीकडे जरा निरखून पाहावे. पारशी लोक प्रेतदहन करीत नाहीत. मग तो चितेचा अग्नी कोणाचा? अर्थात शेजाऱ्याचा. त्यांच्या सर्वांत पवित्र अग्नीत परधर्मीयांच्या घरची ठिणगीही आहे. शुद्ध करून घेतलेली, पण आहे.

इंग्रजी अमदानीत हा समाज गुजरातेतून दूरवर पसरला. मुंबईतील बनाजी लिमजी अग्यारी १७०९ सालची. पुढे जेथे छावण्या पडल्या तेथे पारशी व्यापारी गेले. पुण्यास गेले, तसेच माळव्यात, आजच्या पीथमपूरच्या शेजारी १८१८ साली वसलेल्या महूच्या छावणीतही गेले. पुण्याच्या नाना पेठेत १८४४ साली सर जमशेटजी जीजीभाई यांच्या नावाची अग्यारी झाली. कोठे एखाद्या धनिकाने पुढाकार घेतला, तर कोठे साऱ्या समाजाने. मुंबईचे १८९७ सालचे अंजुमन आतश बेहराम वर्गणीतून उभे राहिले.

तथापि देऊळ उभारले म्हणजे मतभेद संपतात असे नाही. १७४५ सालापासून पंचांगातील एका महिन्याच्या फरकावरून या समाजात शहेनशाही आणि कदमी असे दोन पंथ झाले. कदमी मंडळींनी १७८३ साली मुंबईत आपले स्वतंत्र दादीशेठ आतश बेहराम स्थापिले. त्या वेळी ही गोष्ट अनेकांना जड गेली असेल. आज दोन्ही अग्नी सारखेच पूज्य मानले जातात.

आजचा वाद महिन्याचा नाही, माणसाचा आहे. अग्यारीत परधर्मीयांस प्रवेश नसतो. १९०८ साली मुंबई उच्च न्यायालयाने पारशी कोणास म्हणावे याविषयी निवाडा दिला. पारशी पित्याची परजातीय स्त्रीपासून झालेली मुले धर्मदीक्षा घेतल्यास पारशी ठरतात, असे त्यात मान्य झाले. परजातीत विवाह केलेल्या कन्येच्या मुलांना मात्र ही वाट नाही. इकडे समाज घटत चालला. १९४१ च्या गणनेत सुमारे एक लाख पंधरा हजार असलेले पारशी २०११ मध्ये ५७ हजारांवर आले.

डिसेंबर २०१७ मध्ये पुण्यात ‘आशा वहिश्ता’ हे प्रार्थनास्थान उघडले. ज्या कन्यांनी परजातीत विवाह केला त्या, त्यांचे पती, त्यांची मुले, किंबहुना श्रद्धेने येणारा कोणीही, या सर्वांस तेथे मोकळीक आहे. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयापुढे वलसाडच्या पारशी अंजुमनाने परधर्मात विवाह केलेल्या एका कन्येस मातापित्यांच्या अंत्यविधीच्या प्रार्थनांस बसू देण्याचे मान्य केले.

सनातनी पक्षाचे म्हणणे आपण हलक्याने घेऊ नये. कडक नियम पाळले म्हणूनच एवढासा समाज शतकानुशतके टिकला आणि बाहरोटच्या डोंगरातही अग्नी विझला नाही, असे ते म्हणतात. त्यात तथ्य आहे. पण ज्या कन्येला आजीबरोबर सुखड वाहिल्याचे आठवते, तिने विवाहानंतर आपल्या मुलाला दाराबाहेर उभे करावे, याचे दुःख कोणत्या नियमाने निवावे?

या वादाचा निकाल त्या समाजानेच करावयाचा आहे. शेजारी म्हणून आपण एवढेच म्हणू शकतो की, आपल्या देवळांच्या दारांशीही असे प्रश्न उभे राहिले आहेत आणि त्यांची उत्तरे आपल्यालाही सुखासुखी सुचली नाहीत. ‘आशा वहिश्ता’ याचा अर्थ सर्वोत्तम सत्य. आणि झरथुष्ट्री धर्मात याच सत्याच्या दिव्यशक्तीकडे अग्नीचे रक्षण सोपविले आहे. सत्य आणि अग्नी यांची अशी सांगड घालणाऱ्या धर्माला अग्नीचे घर किती मोठे असावे, याचेही उत्तर सापडेल. पळीतला चंदनाचा भुगा ज्वाळेचा स्पर्श न होता पेटतो, तो केवळ जवळिकीने. माणसे दाराजवळ येत आहेत, हे काही लहान लक्षण नव्हे.