मोळी सोडू का, बाई?

(प्रभागसंघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत जिल्हा परिषद शाळेतल्या एका शिक्षिकेने केलेलं भाषण. बोलल्याप्रमाणे लिहून घेतलं आहे.)



मला सांगितलं होतं की शिक्षिकेचं काम काय असतं त्यावर बोला. मी म्हटलं, बायांना ठाऊक नाही का? तर आपल्या सीआरपीताई म्हणाल्या, "बाई, लोक म्हणतात मास्तरांना काय, दहा ते पाच आणि फुकटचा पगार." मग म्हटलं, बोलतेच.

आमची शाळा पहिली ते चौथी. मुलं अडतीस, आम्ही शिक्षक दोघं. कायद्याने साठ मुलांपर्यंत दोनच शिक्षक मिळतात. म्हणजे वर्ग चार आणि माणसं दोन. माझ्याकडे तिसरी-चौथी एकाच खोलीत. चौथीला फळ्यावर गणित देऊन तिसरीकडे वळायचं, तोवर चौथीतला एक जण उठून दुसऱ्याचं रबर पळवतो. तुम्ही एका चुलीवर भाकरी, दुसरीवर कालवण आणि कडेवर लेकरू असं सांभाळता ना, तसंच ते. त्यात पोषण आहाराची नोंद, हजेरी, ऑनलाइन माहिती. जनगणना, निवडणूक आणि आपत्तीतली मदत ही कामंही शिक्षकाला कायद्यानेच लागतात. ते रडगाणं आज नको. खरं काम निराळंच आहे, आणि ते मलाही उशिरा कळलं.

तिसरीत एक मुलगी होती. आईवडील कोयत्यावर जाणारे. एप्रिलमध्ये फडावरून आली, जूनमध्ये माझ्या वर्गात बसली. वजाबाकी घातली, बेचाळीसमधून सतरा. तिने लिहिलं पस्तीस. दुसरं घातलं, त्रेसष्टमधून अठ्ठावीस. तिने लिहिलं पंचेचाळीस. मी लाल फुली मारत गेले. दहा गणितं, दहा फुल्या. तिची आई गटाच्या बैठकीत म्हणाली म्हणे, "माझ्या पोरीचं डोकंच नाही गणितात." ते मी ऐकलं आणि गप्प बसले, कारण मलाही तसंच वाटत होतं. हे मी आज तुमच्यासमोर कबूल करते.

एके दिवशी वही घरी नेली आणि नीट बघितली. बेचाळीसमधून सतरा, पस्तीस कसे आले? दोनातून सात जात नाहीत, म्हणून तिने उलटं केलं, सातातून दोन काढले, पाच. मग चारातून एक, तीन. पस्तीस. दुसऱ्या गणितातही तेच. आठातून तीन, पाच. सहातून दोन, चार. दहाही गणितांत तीच एक चूक! म्हणजे पोरगी विचार करत होती, नेमाने करत होती. फक्त हातचा घ्यायचा असतो ते तिला कुणी दाखवलंच नव्हतं. वर्गात ते शिकवलं तेव्हा ती उसात होती.

दुसऱ्या दिवशी खराट्याच्या काड्या घेतल्या. दहा-दहाचे गठ्ठे रबराने बांधले. चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या तिच्यापुढे ठेवल्या. म्हटलं, यातल्या सतरा मला दे. तिने एक गठ्ठा दिला. मग सात सुट्या द्यायच्या, तर हातात दोनच. बराच वेळ बघत बसली. मी तोंड उघडलं नाही. हे गप्प बसणं फार जड जातं हो, शिकवण्यातलं सगळ्यात अवघड काम तेच. शेवटी तिने विचारलं, "बाई, मोळी सोडू का?"

गठ्ठा हा शब्द माझा, पुस्तकातला. तिची मोळी. आई दिवसभर फडात मोळ्या बांधते ते तिने पाहिलेलं. म्हटलं, सोड. तिने रबर काढलं, बारा सुट्या झाल्या. त्यातल्या सात दिल्या. पाच राहिल्या, आणि दोन मोळ्या. पंचवीस. तिचं तिलाच हसू आलं. आता माझ्या वर्गात सगळीच पोरं मोळी सोडतात, चौथीतलीसुद्धा.

तर शिक्षकाचं कसब म्हणाल तर हे. उत्तर चुकलं हे कुणालाही दिसतं, तुमच्या मोबाइललाही दिसतं. ते कुठून चुकलं हे शोधावं लागतं. आणि त्यासाठी पोरगं समोर लागतं. पहिली ते पाचवीला वर्षाला किमान दोनशे दिवस शाळा भरली पाहिजे असा कायदा आहे. दसरा-दिवाळीला गाडी निघाली की मार्च-एप्रिलपर्यंत त्यातले निम्म्याहून जास्त दिवस जातात. पुढच्या वर्षी पोरगं वरच्या वर्गात, पण मधली पायरी गायब.

मी कुणाला दोष देत नाही. उचल घेतलेली असते, मुकादम दारात उभा असतो. लहान भावंडाला सांभाळायला पोरगी लागते, हेही मला कळतं. पण एवढं तर करता येतं ना. आजी गावात असेल तर पोर तिच्याकडे ठेवा. अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय असते, तिथे मुलांचं दोन वेळचं जेवण होतं. त्यासाठी मुलांची यादी आणि शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव वेळेत गेला पाहिजे. गाड्या गेल्यावर मागून काही उपयोग नाही. आणि पोर न्यावंच लागलं, तर शाळेतून शिक्षण हमी कार्ड मागून घ्या. ते दाखवून कारखान्याजवळच्या शाळेत बसवता येतं.

आता ती समिती. तिच्यात पंच्याहत्तर टक्के पालक आणि एकूण निम्म्या बाया असल्या पाहिजेत. कागदावर आहेतच. पण सही घरी मागवली जाते आणि बैठकीला मालक येतो. बायांनो, दर आठवड्याला दहा जणींचा हिशोब तोंडावर सांगणाऱ्या तुम्ही, बँकेच्या साहेबाला व्याजाचा हिशोब विचारणाऱ्या तुम्ही, शाळेत यायला का लाजता? या आणि मला विचारा, "बाई, माझ्या पोरीचं नेमकं काय अडलंय?" "हुशार आहे का?" असं विचारू नका, त्याला मी काय सांगणार? काय अडलंय ते विचारलं की मला वही काढून दाखवावीच लागते. मला सांगता आलं नाही, तर ती चूक माझी.

यंदा आमच्या शाळेतली अकरा मुलं जाणार आहेत. नावं या वहीत आहेत. त्यातल्या सहा जणांच्या आया आज इथे बसल्यात, मला दिसतायत. चहा झाला की तेवढ्या माझ्याजवळ या. आजी कुणाच्या घरी आहे, कुणाच्या नाही, ते आजच लिहून घेऊ. समितीची बैठक येत्या शनिवारी आहे.