धरण हलतं, म्हणजे नेमकं काय होतं?
२५ जानेवारी २०१९ रोजी ब्राझीलमध्ये ब्रुमाजिन्यो इथे लोहखाणीचा गाळ अडवणारं ८६ मीटर उंचीचं धरण फुटलं आणि २७० माणसं गेली. या धरणाकडे कुणाचं लक्षच नव्हतं असं म्हणता येत नाही. आतल्या पाण्याचा दाब सांगणारे पिझोमीटर तिथे होते, भरावाचा कल टिपणारी उपकरणं होती, जमिनीवर रडारही होतं. शिवाय सुमारे सातशे किलोमीटर उंचीवरून युरोपचा सेंटिनेल-१ उपग्रह दर बारा दिवसांनी नोंद घेत होता. तेव्हा खरा प्रश्न मोजण्याचा नाही, मोजलेल्याचा अर्थ लावण्याचा आहे.

उपग्रह रडारची लहर खाली धाडतो आणि परत आलेली लहर आधीच्या फेरीतल्या लहरीशी ताडून पाहतो. लहरीची लांबी जेमतेम साडेपाच सेंटिमीटर, म्हणून काही मिलिमीटरचं खचणंही कळतं. दुर्घटनेनंतर तज्ज्ञ समितीने अशा नोंदी तपासल्या. आधीच्या वर्षभरात भराव वर्षाला ३६ मिलिमीटरपेक्षा कमी वेगाने खचत होता, आणि यात धोक्याची खूण नाही, असं तिने म्हटलं. २०२१ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी उपग्रहाच्या नोंदी वेगळ्या रीतीने सोडवल्या. त्यांना खचण्याचा वेग वाढताना दिसला आणि सुमारे चाळीस दिवस आधी इशारा मिळू शकला असता, असा त्यांचा निष्कर्ष निघाला.

ही पश्चातबुद्धी आहे, असा आक्षेप येतो आणि तो निम्मा खरा आहे. गाळाचा भराव स्वतःच्या वजनाने खचतच असतो. प्रत्येक खचण्यावर भोंगा वाजवला तर महिन्याभरात त्याकडे कुणी ढुंकून बघणार नाही. त्यातच पाण्याने भरलेला सैल गाळ फारसा न हलता एकाएकी पातळ होऊन वाहू शकतो. उपग्रहाच्या रडारला दिसतो तो फक्त पृष्ठभाग, तोही झाडोरा नसेल तिथे. उत्तर-दक्षिण सरकणं तर त्याला जवळपास दिसतच नाही. पोटातला दाब पिझोमीटरच सांगणार. पण पिझोमीटर बसवलेल्या जागेपुरतं बोलतो आणि रडार सबंध भिंत पाहतं, म्हणून एकाने दुसऱ्याची जागा घ्यायची नसते. या गाळाने, एवढ्या पावसात, किती खचायला हवं याचं गणिती प्रारूप आधी मांडावं लागतं. निरीक्षण त्या हिशेबाबाहेर गेलं की चौकशी सुरू करायची. खर्चाची सबब इथे फारशी टिकत नाही, कारण सेंटिनेलच्या नोंदी फुकट मिळतात. पैसा लागतो तो त्या वाचणाऱ्या माणसांना.

धरण कोसळायला काही मिनिटंही लागली नाहीत, तिथे बारा दिवसांनी येणारा उपग्रह काय कामाचा, असंही कुणी विचारेल. त्या दिवशी काहीच कामाचा नाही. पण धरणाच्या पायथ्याशी खाणीची कचेरी आणि उपाहारगृह होतं, आणि ती रिकामी करायला चाळीस दिवस पुष्कळ होते.