अडलेली गाडी आणि परके गाव



परदेशप्रवासावर बोलायला उभा राहिलेला वक्ता बहुधा पाहिलेल्या स्थळांची यादी वाचतो. आम्ही आज न झालेल्या प्रवासाविषयी बोलणार आहोत. गाडी अडते, बेत मोडतो, त्या वेळी काय होते, एवढाच आमचा विषय.

काही वर्षांपूर्वी आम्ही उभयता पाठीवर पिशव्या अडकवून युरोपात हिंडायला निघालो. कोणती गाडी किती वाजता, कोठे किती मुक्काम, सारे वहीत टिपलेले. मध्ये एकही दिवस मोकळा नाही. फ्लॉरेन्सच्या स्टेशनावर सकाळी येऊन पाहतो तो आमची गाडी रद्द! एक दिवसाचा संप होता. तिकडे अशा संपाची तारीख आधी जाहीर होते. आम्हीच चौकशी केली नव्हती. पुढच्या गावच्या खोलीचे पैसे बुडाले. आम्ही प्रथम संपावर चिडलो, मग एकमेकांवर चिडलो, आणि शेवटी तोंडे फिरवून बाकावर बसून राहिलो.

शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांनी मोडक्या इंग्रजीत विचारले, "तुम्ही हिंदुस्थानातले ना? मग आमच्या 'इंडियानो'ला भेटलात का?" हा इंडियानो कोण, हे आम्हांला कळेना. त्यांनी कागदावर वाट काढून दिली. अर्नो नदीच्या काठाने कासिने नावाच्या लांबलचक उद्यानातून आम्ही चालत गेलो. उद्यानाच्या टोकाला मुन्योने नावाची लहान नदी अर्नोला मिळते. त्या संगमाजवळ एक छत्री, आणि छत्रीखाली फेटा बांधलेल्या एका तरुणाचा अर्धपुतळा. तो तरुण म्हणजे आपल्या करवीरचे छत्रपती राजाराम महाराज! ज्यांच्या नावाच्या कॉलेजात आम्ही चार वर्षे काढली, त्यांची ओळख आम्हांला सात समुद्रांपलीकडच्या एका अनोळखी म्हाताऱ्याने करून द्यावी, याची लाज वाटली.

महाराजांची हकीकत थोडक्यात सांगतो. १८७० साली ते विलायतेला गेले. इंग्लंड पाहिले, राणीची भेट घेतली, रोजनिशी लिहिली. ती पुढे १८७२ मध्ये छापली गेली. परतीच्या वेळी मात्र फ्रान्स आणि प्रशिया यांचे युद्ध पेटले होते. पॅरिसला वेढा पडला होता. म्हणून बेल्जियम, जर्मनी आणि आल्प्सचे डोंगर असा वळसा घालून ते इटलीत उतरले. वाटेत प्रकृती बिघडली, आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये त्यांचे देहावसान झाले. वय अवघे वीस वर्षांचे.

आता त्या मंडळींची अवस्था मनात आणा. परका मुलूख, परकी भाषा, दहनाची चाल नसलेले गाव, आणि राजा गेलेला. अशा वेळी त्या नगराने रूढी बाजूला ठेवून परवानगी दिली, आणि दोन नद्यांच्या संगमावर हिंदू रीतीने अंत्यसंस्कार झाले. आपल्या पंचगंगेच्या काठी व्हावे तसेच! १८७४ मध्ये तेथे स्मारक उभे राहिले. त्याची छत्री चार्ल्स मँट यांनी रचली, आणि आपल्या नव्या राजवाड्याचे रचनाकारही तेच. पुढे १९७८ मध्ये जवळच मोठा पूल झाला. त्यालाही लोक 'इंडियानो'चाच पूल म्हणतात.

तेथे बसून आमच्या ध्यानात आले की, प्रवास अडला म्हणजे दोन परीक्षा सुरू होतात. एक प्रवाशाची, दुसरी गावाची.

प्रवाशाच्या परीक्षेचा दाखला घरचाच आहे. १९०२ मध्ये शाहू महाराज सातव्या एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहण समारंभासाठी विलायतेला गेले. समारंभ २६ जूनला व्हायचा होता. दोन दिवस आधी बादशहावर शस्त्रक्रिया झाली आणि समारंभ ९ ऑगस्टपर्यंत लांबला. जगभरचे पाहुणे खोळंबले. त्या मधल्या काळात, २६ जुलैला, करवीरच्या गॅझेटात हुकूम निघाला की, संस्थानच्या नोकऱ्यांत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांसाठी राखाव्यात. त्यामागचा विचार जुना असेल. परंतु मुक्काम लांबला म्हणून काम थांबले नाही. आम्ही एका गाडीपायी अर्धा दिवस रुसण्यात घालवला होता!

दुसरी परीक्षा गावाची. ती फ्लॉरेन्सने दिली तशी आपणही दिली आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोलीपाशी महामार्ग पाण्याखाली गेला. परप्रांतांतल्या मालमोटारी कित्येक दिवस रस्त्यात उभ्या होत्या. त्यांच्या चालकांना ना आपली भाषा येत होती, ना येथे कोणी ओळखीचे होते. आसपासच्या गावांनी त्यांना जेवू घातले. स्वतःच्या घरात पाणी शिरलेले असताना भाकऱ्यांची गाठोडी रस्त्यावर गेली. जुलै २०२१ मध्ये तोच रस्ता पुन्हा बुडाला.

परंतु महापुरात माणूस मोठा होतोच. खरी कसोटी साध्या दिवशी असते. रात्रीची शेवटची गाडी चुकलेला एखादा परदेशी पोरगा पाठीवर पिशवी घेऊन आपल्या स्टँडवर बावरून उभा असतो. आपण त्याच्याकडे बघतो, आणि पुढे जातो. उद्या आपली मुले कोठल्यातरी परक्या स्टेशनावर अशीच उभी असणार आहेत.

म्हणून दोनच गोष्टी सांगतो. प्रवासाला निघताना वहीत एक दिवस कोरा ठेवा. त्या दिवशी काय दिसेल हे कोणत्याही पुस्तकात नसते. आणि गावात कोणी अडलेला दिसला, तर भाषा येवो न येवो, आपल्या कोल्हापुरी रीतीने जवळ जाऊन विचारा, "पाव्हणं, कुठनं आलासा? जेवलासा का?" फ्लॉरेन्सचे ऋण दीडशे वर्षांवरचे आहे. ते फेडायचे तर याच रीतीने फिटेल.