ओट्यावर काय बसवायचं? हॉब, शेगडी आणि ओव्हन

मी रायपूरहून बोलतोय. तीस वर्षं फौजेत काढली आणि निवृत्त होऊन इथे घरी आलो. आमचं घराणं मूळ नागपूरकडचं. छत्तीसगड भोसल्यांच्या राज्यात होतं तेव्हापासून इथे मराठी कुटुंबं आहेत. तात्यापाऱ्यात आजही मराठी ऐकू येतं, आणि चौबे कॉलनीत आमचं महाराष्ट्र मंडळ आहे. तिथल्या एका मित्राला सांगितलं की आज मी हॉब आणि ओव्हनवर बोलणार आहे, तर तो हसायलाच लागला. म्हणाला, "तू कधी भाकरी थापलीस का?"

थापली नाही. पण या विषयात मी एक मोठी चूक केली आहे, आणि ती तुमच्याकडून होऊ नये म्हणून बोलतोय.

निवृत्तीनंतर आम्ही स्वयंपाकघर नवं करायला घेतलं. जन्मभर सरकारी क्वार्टरमध्ये राहिलो, तिथला ओटा मिळेल तसा वापरला. आता स्वतःचं घर, हाताशी थोडे पैसे. दुकानात गेलो. चार बर्नरचा काळ्या काचेचा हॉब चमकत होता. त्याच्या खाली बसवलेला ओव्हन, आत दिवा, बाहेर डिजिटल घड्याळ. मी तिथेच ठरवून टाकलं. सौभाग्यवतींना काय विचारलं? हँडल कुठल्या रंगाचं हवं ते.

तीन महिन्यांत एकेक गोष्ट कळायला लागली. हिचा उजवा खांदा धरलेला, हात पुढे लांबवला की कळ येते. आणि दोन बर्नर मागच्या बाजूला. म्हणजे उकळत्या आमटीवरून हात नेऊन मागचं दूध उतरवायचं. चार बर्नर होते खरे, पण पाच लिटरचा कुकर आणि भाकरीचा तवा ठेवला की तिसऱ्या भांड्याला जागाच उरत नव्हती. ओव्हन ओट्याखाली, गुडघ्यांच्या उंचीवर. गरम ट्रे काढायला वाकायचं, आणि आमच्या दोघांचेही गुडघे साठीचे. वर्षभरात तो ओव्हन तीनदा लागला.

हे सगळं चाललं असतं. पण एके दिवशी पहाटे साडेपाचला ही चहा करायला स्वयंपाकघरात गेली. दिव्याच्या बटणाकडे हात गेला आणि तसाच थांबला. मला हाक मारली, "अहो, इकडे या. आणि कुठलंही बटण दाबू नका."

गॅसचा वास येत होता. हॉबच्या खालच्या कपाटात नळी उंदराने कुरतडली होती. कपाट चारी बाजूंनी बंद. मिस्त्रीने विचारलं होतं, "साहब, जाली लगा दूँ?" आणि मीच म्हणालो होतो की नको, दिसायला वाईट दिसेल. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला की वर जात नाही, खाली साठतो, जमिनीलगत पसरतो. रात्रभर तो त्या सुंदर कपाटात साठत होता. त्या पहाटे बटण दाबलं गेलं असतं तर आज मी तुमच्याशी बोलत नसतो.

रेग्युलेटर बंद केला, दारं-खिडक्या उघडल्या, सगळे बाहेर अंगणात आलो, आणि मग फोन केला. गॅसगळतीसाठी देशभर 1906 हा नंबर आहे. आता लिहून फ्रिजवर लावा, मग पुढचं ऐका.

त्या दिवशी अंगणात बसून मी स्वतःला विचारलं, की फौजेत एक नाला ओलांडायचा असला तरी आपण रीतसर विचार करत होतो, मग इथे का नाही केला? आमच्याकडे त्याला 'अप्रिसिएशन' म्हणतात. आधी उद्दिष्ट, मग परिस्थितीतले घटक, मग पर्याय, आणि शेवटी निर्णय. मी थेट निर्णयावर उडी मारली होती. तर आज आपण क्रमाने जाऊ.

उद्दिष्ट एका वाक्यात लिहा: या घरात रोज कोण, काय आणि किती माणसांचं शिजवतं? पाहुणे वर्षातून चारदा येतात. त्यांच्यासाठी ओटा मांडायचा नाही. ज्याचे हात रोज तिथे असतात त्याची उंची, खांदे, गुडघे, डोळे आधी बघायचे. आणि त्या माणसालाच दुकानात बोलू द्यायचं. आपण पिशवी धरायची.

आता घटक. पहिला, भांडी. एक सोपी युक्ती सांगतो. घरातला कुकर, कढई, तवा आणि दुधाचं पातेलं वर्तमानपत्रावर ठेवा, पेन्सिलीने गोल आखा, कापा. ते कागद घेऊन दुकानात जा आणि हॉबवर मांडून बघा. किती भांडी एकदम बसतात ते तिथल्या तिथे कळतं. बहुतेक घरांना मोकळ्या जागेचे तीन बर्नर दाटीच्या चारांपेक्षा जास्त उपयोगी पडतात. एक बर्नर मोठा, कुकरसाठी. एक अगदी लहान, साय धरायची असेल तर. आणि भाकरी-फुलके करणाऱ्यांनी बघावं की ज्योत मधोमध नीट येते का. काही बर्नरची ज्योत बाहेरच्या कड्यालाच पेटते, तव्याचा मध्य थंड राहतो. जाळी जड आणि स्थिर हवी. पीठ घोटताना कढई हलली तर तो हॉब आपल्या कामाचा नाही.

दुसरा घटक, ओटा. हॉब म्हणजे ग्रॅनाइट कापून आत बसवलेला गॅस. शेगडी ओट्यावर नुसती ठेवतात. दिसायला हॉब छान, पुसायला सोपा. पण एकदा दगड कापला की पुढचा हॉब त्याच मापाचा शोधावा लागतो, आणि प्रत्येक कंपनीचं माप वेगळं. बदली होणारी नोकरी असेल, भाड्याचं घर असेल, तर शेगडीच घ्या. उचलली की निघालात. काच घ्यायची असेल तर टफन्ड हवी, आणि गरम काचेवर गार पाण्याचं फडकं कधी फिरवू नका. दणकट वापर असेल तर स्टीलचा पत्रा बरा. त्यावर चरे पडतात, पण तो फुटत नाही.

तिसरा घटक, गॅस. इथे जरा सावकाश जातो, कारण इथे जिवाची गोष्ट आहे. शेगडीवर आयएसआयची खूण हवी. भारतीय मानकाप्रमाणे एलपीजीच्या घरगुती शेगडीची कार्यक्षमता किमान 68 टक्के लागते. म्हणजे जळलेल्या गॅसच्या उष्णतेपैकी दोन-तृतीयांशाहून थोडी जास्त भांड्याला मिळते, बाकीची स्वयंपाकघर तापवते. नळी साधी रबरी नको, आतून तारेची जाळी असलेली सुरक्षा नळी घ्या. तिच्यावर तारीख छापलेली असते, पाच वर्षांनी बदलायची. कपाटाला खालच्या बाजूला जाळी ठेवा. दिसायला वाईट दिसू दे. सिलिंडर उभा, आणि शेगडी त्याच्यापेक्षा उंचीवर.

मुंबई-पुण्याची जी मंडळी ऐकताहेत त्यांच्याकडे पाईपचा गॅस असेल. तो वेगळा गॅस, मुख्यतः मिथेन. तो हवेपेक्षा हलका, गळला की छताकडे जातो. म्हणून तिथे वर झरोका हवा. आणि एलपीजीची शेगडी तशीच पाईपच्या गॅसवर चालत नाही, जेट बदलावे लागतात. मुलगा रायपूरची शेगडी पुण्याला घेऊन गेला तर अधिकृत मेकॅनिककडून जेट बदलून घ्यायला सांगा. स्वतः सुई घालून भोक मोठं करू नये.

आणखी एक गोष्ट आवर्जून मागा: फ्लेम फेल्युअर डिव्हाइस. बर्नरजवळ एक छोटी कांडी असते. दूध उतू गेलं, वाऱ्याने ज्योत विझली, की ती कांडी थंड होते आणि थोड्या वेळात गॅस आपोआप बंद होतो. पेटवताना बटण काही सेकंद दाबून धरावं लागतं, तेवढाच त्रास. दुकानदार म्हणेल, "आजकल कौन लेता है?" त्याला सांगा, ज्यांच्या घरी विसरणारं वडीलधारं माणूस आहे, ते घेतात.

चौथा घटक, वीज. इंडक्शन साधारण 2000 वॉटची असते, म्हणजे नऊ अँपिअरच्या आसपास. तिला 16 अँपिअरचा प्लग हवा. मिक्सरच्या प्लगवर लावू नका. बसवायचा ओव्हन अडीच-तीन हजार वॉटपर्यंत जातो, त्याला स्वतंत्र वायर आणि स्वतंत्र एमसीबी. घरातलं वायरिंग जुनं असेल तर आधी इलेक्ट्रिशियन बोलवा, ओव्हन नंतर.

इंडक्शन परवडते का, असं सगळे विचारतात. हिशेब सांगतो, तुम्ही तुमच्या राज्याच्या दराने गुणा. 14.2 किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण 180 युनिट विजेइतकी उष्णता असते. त्यातली भांड्याला लागते सुमारे 120 युनिट. इंडक्शनवर 85 टक्क्यांच्या आसपास भांड्याला लागते, म्हणजे तेवढ्याच कामाला 140 युनिट वीज पुरते. तुमच्याकडचा 140 युनिटचा खर्च आणि सिलिंडरची किंमत शेजारी शेजारी लिहा, उत्तर समोर येईल. यात न येणारी एक गोष्ट म्हणजे आमचा मे महिना. पारा 44 च्या पुढे जातो, तेव्हा ज्योतीसमोर उभं राहणं ही शिक्षाच असते. इंडक्शनने स्वयंपाकघर तेवढं तापत नाही. भांड्याच्या बुडाला लोहचुंबक चिकटला तर ते भांडं चालतं. लोखंडी तवा चालतो, ॲल्युमिनियमची कढई साधारणपणे नाही. कुणाला पेसमेकर असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि वीज गेली की चूल बंद, म्हणून एक तरी गॅस बर्नर ठेवाच.

लडाखमध्ये होतो तेव्हा लेहच्या उंचीवर पाणी 88 अंशांच्या आसपासच उकळायचं. डाळ उघड्या भांड्यात तासन्‌तास शिजायची नाही. लंगरचा उस्ताद म्हणायचा, "साहब, आग नहीं, प्रेशर चाहिए." जागा बघून साधन निवडायचं, हे मी त्याच्याकडून शिकलो होतो आणि घरी येऊन विसरलो.

आता ओव्हन. इथे तीन वस्तूंची गल्लत होते. मायक्रोवेव्ह अन्नातलं पाणी तापवतो. गरम करायला, बटाटे-भाज्या वाफवायला उत्तम, पण खमंगपणा येत नाही. ओटीजी म्हणजे आत तापणाऱ्या कांड्यांची पेटी, वर-खाली आच. केक, नानकटाई, पाव, भाजलेली वांगी ही तिची कामं. तिसरा कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह, त्यात दोन्ही आहे. जागा कमी असेल तर तो घ्या, पण त्यात गोल फिरणाऱ्या थाळीएवढंच भांडं मावतं.

आपल्या आया-आज्यांनी ओव्हनशिवाय काय काय भाजलं ते आठवा. कढईत वाळू तापवून केक व्हायचा. नानकटाईचं पीठ डब्यात घालून बेकरीच्या भट्टीवर न्यायचे आणि पत्र्याच्या ट्रेमधून भाजून आणायचे. आमच्या विदर्भाकडे गोवऱ्यांच्या आरात रोडगे. इथे छत्तीसगडात पानात गुंडाळून निखाऱ्यावर अंगाकर रोटी. तेव्हा ओव्हन घेताना स्वतःला विचारा: महिन्यातून किती वेळा भाजणार? दोनदा असेल तर साधा 25 ते 30 लिटरचा ओटीजी पुरे. आठवड्यातून दोनदा असेल, मोठं कुटुंब असेल, तर बसवायच्या ओव्हनचा विचार करा, आणि तो ओट्याखाली न बसवता छातीच्या उंचीवर बसवा. ओटीजी ठेवाल तिथे मागे-बाजूला चार बोटं जागा सोडा, बाहेरून तो चांगलाच तापतो.

आता आमचा निर्णय सांगतो. हॉब काढला. दगडाचं भोक बुजवायला जोड द्यावा लागला, तो आजही दिसतो. त्यावर तीन बर्नरची स्टीलची शेगडी आहे, तिन्ही बर्नर एका रांगेत, मागे हात न्यावा लागत नाही. शेजारी एक इंडक्शन, उन्हाळ्यासाठी. ओव्हन विकला. छातीच्या उंचीच्या फळीवर एक ओटीजी आहे. त्यात ही रोडगे करते, 200 अंशांवर, मधे एकदा उलटून. गोवरीचा वास येत नाही, पण तूप घालून वांग्याच्या भाजीबरोबर कुणी तक्रारही करत नाही. आणि कपाटाला खाली जाळी आहे.

या सगळ्याला पहिल्या खर्चाच्या निम्मे पैसेही लागले नाहीत. या वेळी दुकानात ही बोलली. मी कागदाचे गोल धरून उभा होतो.

तर मंडळी, आज एवढंच करा. उठा, स्वयंपाकघरात जा, गॅसच्या नळीवरची तारीख वाचा. पाच वर्षं उलटली असतील तर उद्याच बदला. हॉब-ओव्हनचं नंतर सावकाश ठरवू.

जय हिंद.