विरघळणारे ग्रीस

गिअरबॉक्स उघडणे सोपे असते. मिस्त्रीचा कस लागतो तो पुन्हा जोडताना. जुन्या विलीज घराण्यातल्या जीपचा तीन गिअरचा बॉक्स घ्या. त्याच्या इनपुट शाफ्टच्या पोकळ टोकात बारीक, सुटे रोलर गोलाकार उभे करायचे असतात. मेन शाफ्ट आत सरकेपर्यंत एकही ढळता कामा नये. एखादा निसटून गिअरच्या दातांत सापडला, तर केलेले काम वाया जाते. म्हणून तिथे ग्रीसचा लेप देतात.

कोणते ग्रीस? हाताशी असते ते चाकाच्या बेअरिंगचे. चिकट, मजबूत आणि इथे गैरसोयीचे. लिथियमचे ग्रीस वितळायला साधारण १८० अंशांपर्यंत जावे लागते. गिअरबॉक्समधले तेल सहसा इतके तापत नाही. त्यामुळे ते लवकर विरघळत नाही आणि त्याचा गोळा तेलाच्या बारीक भोकात अडकू शकतो. इथे हवे असते काम होईपर्यंत धरून ठेवणारे आणि मग तेलात मिसळून जाणारे. साधी, बिनवासाची पेट्रोलियम जेली तेच करते. जोडणीसाठी मुद्दाम बनवलेले, तेलात विरघळणारे ग्रीस मिळाले तर उत्तमच.

पण आमचे भुसावळ! मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि पत्र्याखाली जेलीचे पाणी होऊ लागते. माझ्या ओळखीचे एक मिस्त्री डबी माठाजवळ ओल्या फडक्यात ठेवतात आणि रोलर भरायचे काम फजरच्या नमाजानंतर, ऊन चढण्याआधी उरकतात. मला म्हणाले, "शायरसाहेब, दुपारी हात चालतो, पण जेली थांबत नाही."

सिंक्रोच्या पितळी रिंगांना मात्र वेगळा न्याय. त्या घर्षणावरच चालतात. कोनाला घासून दोन वेग जुळवतात, तेव्हा गिअर बिनआवाज पडतो. तिथे मॉलिब्डेनम किंवा ग्रॅफाइटचे ग्रीस फासले, तर रिंग घसरते आणि गिअर करकरतो. रिंगांना आणि दातांना फक्त तेच गिअर ऑइल लावावे, जे पुढे बॉक्समध्ये भरायचे आहे. तेही कंपनीने सांगितलेल्या दर्जाचे. जीएल-४ सांगितले असेल तिथे जीएल-५ जास्त भारी म्हणून ओतू नये. त्यातली काही रसायने पितळेला मानवत नाहीत.

क्लचची चकती ज्या खाचांवर सरकते, तिथे तेल पोचत नाही. तिथे उष्णता सोसणाऱ्या ग्रीसचा पुसट हात पुरतो. जास्त झाले तर उडून क्लचवर जाते.

डबीची किंमत किरकोळ असते. पण भाड्याची जीप चालवणाऱ्याचा बॉक्स दुसऱ्यांदा उतरला, की त्याची दोन-तीन दिवसांची कमाई बुडते आणि गाडीचा हप्ता तर थांबत नाही. म्हणून गाडी टाकताना मिस्त्रींना एवढे जरूर विचारा : रोलर कशात बसवणार?