आप्त कोण?



१८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली आणि पुढे गावोगाव तशा माला उभ्या राहिल्या. आपली मालाही त्याच कुळातली. या व्यासपीठाची एक सोय मला मोलाची वाटते. येथे बोलणारा माणूस तुमच्या डोळ्यांसमोर उभा असतो. त्याचे नाव पत्रिकेवर छापलेले असते. त्याने काही भलतेच सांगितले, तर व्याख्यान संपल्यावर दाराशी गाठून त्याला जाब विचारता येतो. आज मला बोलायचे आहे ते ज्याला असा जाब विचारणे कठीण, त्या मजकुराविषयी: वर्तमानपत्रातील बातमी, जाहिरात आणि खिशातल्या फोनवर येणारे निरोप.

कोणी म्हणेल, "यात व्याख्यान कसले? कशावरही विश्वास ठेवू नये म्हणजे झाले!" हा उपदेश करायला सोपा, पण पाळायला अशक्य. आपल्या न्यायशास्त्राने ज्ञानाची चार साधने मानली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. आता स्वतःशीच हिशेब करून पाहा. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक १६७४ साली झाला, हे आपण कशावरून म्हणतो? फार कशाला, आपली स्वतःची जन्मतारीख आपल्याला कशी कळली? कोणीतरी सांगितली म्हणून. आपले बहुतेक ज्ञान असे दुसऱ्याच्या शब्दावर उभे आहे. ते सारे टाकून द्यायचे म्हटले, तर एक दिवसही संसार चालायचा नाही.

पण नैयायिक मोठे सावध. कोणाचाही शब्द प्रमाण, असे त्यांनी म्हटले नाही; आप्ताचा शब्द प्रमाण, असे म्हटले. आणि आप्त कोण? ज्याला ती गोष्ट स्वतः नीट ठाऊक आहे, आणि ती आहे तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो. अटी दोन आहेत आणि दोन्ही पुऱ्या व्हाव्या लागतात.

मराठीत मात्र या शब्दाचे एक वेगळेच झाले. आपण लग्नपत्रिकेत 'आप्तेष्ट' लिहितो तेव्हा आप्त म्हणजे नातलग. माझ्या मते आजचा निम्मा घोटाळा या दोन अर्थांच्या सरमिसळीतून होतो. मामांनी निरोप पाठवला, वहिनींनी पाठवला. त्या अर्थी तो खराच असणार, असे आपण धरून चालतो. मामांची माया खरी असते, यात शंका नाही. पण मायेने दुसरी अट पुरी होते, पहिली होत नाही. मामांना ती गोष्ट ठाऊक कोठून झाली, हे आपण विचारतच नाही.

याची किंमत काय पडते, ते सांगतो. २०१८ सालच्या उन्हाळ्यात मुले पळवणारी टोळी आली आहे, अशी आवई फोनवरून देशभर फिरत होती. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे आठवड्याचा बाजार भरला होता. तेथे नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाची पाच माणसे आली होती. बहुतेक सोलापूर जिल्ह्यातली, पोटासाठी फिरत आलेली. हीच ती टोळी, असा जमावाचा समज झाला आणि ग्रामपंचायतीच्या कचेरीत त्या पाचही जणांना ठार मारण्यात आले. मारणारे लोक कोठून परमुलखातून आलेले नव्हते. बाजारात मीठमिरची घ्यायला आलेली ती तुमच्याआमच्यासारखी माणसे होती. आपण आपल्या लेकरांचे रक्षण करीत आहोत, असेच त्यांतील अनेकांना वाटले असेल.

त्याच उन्हाळ्यात एक चित्रफीत फार फिरली. मुले रस्त्यात खेळत आहेत, दोघे जण मोटारसायकलवर येतात आणि एका मुलाला उचलून पसार होतात. ही फीत मूळची कराचीची. मुलांना जपा, हे आईबापांना पटवण्यासाठी एका संस्थेने ती मुद्दाम तयार केली होती. मूळ फितीत ते दोघे परत येतात, मुलाला सुखरूप सोडतात आणि हातातला सूचनेचा फलक दाखवतात. आपल्याकडे फिरताना तो शेवटच कापलेला होता. म्हणजे डोळ्यांना दिसले ते चित्रित झालेलेच होते. खोटेपण होते ते गाळलेल्या भागात. म्हणून समोर काय दाखवले, याच्याबरोबर काय वगळले, हेही विचारले पाहिजे.

आता दुसऱ्या अटीकडे वळू. येथे सांगणाऱ्याला सर्व ठाऊक असते, पण आहे तसे सांगण्याची इच्छा नसते. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीच्या वेळी वेगवेगळ्या वर्तमानपत्रांत, वेगवेगळ्या बातमीदारांच्या नावाने, एकच मजकूर शब्दशः छापून आल्याचे उघडकीस आले. पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांची चर्चा देशभर झाली आणि प्रेस कौन्सिलला चौकशीसाठी उपसमिती नेमावी लागली. जाहिरात जाहिरात म्हणून समोर आली, तर निदान गिऱ्हाईक सावध असते. ती बातमीचा अंगरखा घालून आली, की वाचक फसतो.

आणि उघड जाहिरातीचे तरी काय? अमुक रोगावर हमखास इलाज म्हणून औषधाची जाहिरात करू नये, अशा रोगांची यादीच आपल्या १९५४ सालच्या कायद्याला जोडलेली आहे. मधुमेह त्यात आहे, कर्करोग आहे, उंची वाढवणेही आहे. तरी 'मधुमेह मुळापासून बरा' असे फलक आपण पाहतोच. कायदा आहे, पण आजाऱ्याची आशा कायद्यापेक्षा चिवट असते आणि विकणाऱ्याला ते पक्के ठाऊक असते.

मी तुम्हाला शहाणपण शिकवायला उभा आहे, असे समजू नका. २०२० च्या साथीत वाफारा घेतल्याने करोना होत नाही, असा एक निरोप मला माझ्या जवळच्या नातलगाकडून आला. मी तो तत्परतेने पुढे पाठवला. संध्याकाळी माझ्या जुन्या मास्तरांचा फोन आला. "अरे, हे तू स्वतः पडताळून पाहिलेस का?" एवढेच त्यांनी विचारले. मी निरुत्तर झालो. मी मास्तरांचा आवडता विद्यार्थी, म्हणजे एका अर्थाने त्यांचा आप्तच. पण दुसऱ्या अर्थाने मी आप्त नव्हतो.

बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' काढले, तेव्हा छापलेल्या अक्षरांची जबाबदारी घेणारा संपादक ठाऊक असे. आज आपल्यातला प्रत्येक जण, नकळत का होईना, संपादक झाला आहे. तेव्हा संपादकाचे कामही पत्करले पाहिजे. निरोप पुढे धाडण्यापूर्वी तीन प्रश्न पुरे आहेत. हे कोणी पाहिले? सांगणाऱ्याचा यात काय लाभ? आणि यातून काय गाळले? उत्तर मिळाले नाही, तर निरोप आपल्यापाशीच थांबवावा. मजकूर वाचून संताप किंवा भीती दाटून आली, तर एक रात्र जाऊ द्यावी. राईनपाड्याला एक तास थांबणारी माणसे मिळाली असती, तर पाच घरांतील माणसे परत गेली असती.

वडीलधाऱ्यांना "हे आपल्याला कसे कळले?" असे विचारणे आपल्याकडे उद्धटपणाचे समजतात. माझ्या मास्तरांनी मला विचारले, तेव्हा मला त्यात मायाच दिसली. आज घरी गेल्यावर तुम्हीही कोणालातरी तितक्याच मायेने विचारा. सुरुवात या व्याख्यानापासून केलीत तरी माझी हरकत नाही. मी दाराशी उभा आहे.